ट्यूबवर दुसरी तारीखही लिहा

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मलमाच्या ट्यूबा माझ्या ओट्यावर येतातच. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत मी एकतीस वर्षं औषधं दिली. कागदोपत्री औषधनिर्माण अधिकारी, लोकांच्या तोंडी 'औषधवाल्या बाई'. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेलं कुणीतरी पिशवीतून पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढतं आणि म्हणतं, "बाई, हिच्यावर काय लिहिलंय सांगा, अशीच दुसरी घ्यायची आहे."

मागच्या श्रावणात कोहोरच्या बाजूची एक आई आली. पाऊस मी म्हणत होता. इरल्याऐवजी हल्ली प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतात, तो तिने खांबाला अडकवला आणि कडेवरचं बाळ माझ्यापुढे धरलं. दहा महिन्यांचा मुलगा. दोन्ही गाल लालबुंद, वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि तिच्याखाली केसासारख्या बारीक शिरांचं जाळं. मुलगा गाल आईच्या खांद्यावर घासत होता. ट्यूब बघितली तर क्लोबेटासॉल. बाहेरून लावायच्या स्टिरॉइडांतलं सर्वांत जहाल म्हणावं असं औषध. ते तिच्या सासऱ्यांच्या तळपायाच्या जाड, भेगाळलेल्या इसबासाठी दिलेलं होतं. म्हाताऱ्याचा पाय सुधारला. मग बाळाच्या गालावर इसबाचा चट्टा उठला, तेव्हा घरात जे गुणकारी होतं ते त्याला लावलं. दोन दिवसांत गाल लोण्यासारखा झाला. लावणं सोडलं की परत लाल. असं करत अडीच महिने गेले.

"किती दिवस लावायचं, कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

तिने ट्यूबची चपटी कड उजेडाकडे धरली आणि तिथे ठोकलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "ही तारीख आहे ना, बाई. तोपर्यंत चालतं ना?"

ती औषध बाद होण्याची तारीख होती. अजून सव्वा वर्ष पुढची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती मुलगी दहावीपर्यंत शिकलेली. तिने ट्यूब वाचली होती, आणि ट्यूबवर तिला वाचता येईल अशी एकच तारीख होती. तिने ती पाळली. चूक कुणाची म्हणायची? एकतीस वर्षांत मी हजारो ट्यूबा या हातांनी दिल्या. त्यातल्या एकीवरही 'अमुक दिवशी थांबा' असं मी लिहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडते आहे. स्टिरॉइडचं मलम देणाऱ्या प्रत्येकाने ट्यूबवर दुसरी तारीख लिहिली पाहिजे. थांबायची तारीख. मराठीत, पुसली न जाणाऱ्या शाईने, खोक्यावर नव्हे तर ट्यूबवरच, कारण खोकं दुकानाच्या पायरीवरच टाकलं जातं आणि आतला इंग्रजी कागद चुलीत जातो.

या औषधाची मी वैरीण नाही. उलट त्याचे उपकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. नोकरीला लागले तेव्हा कातडीच्या तक्रारींसाठी आमच्या कपाटात व्हिटफील्डचं मलम, खरजेचं बेंझिल बेंझोएट आणि जेन्शियन व्हायोलेटचं जांभळं पाणी एवढाच ऐवज असे. मलम मोठ्या बरणीत यायचं. लोक घरून डबी आणत, आम्ही सुरीने काढून भरून देत असू. इसबाच्या मुलांना त्यातल्या कशाचाच फारसा उपयोग नव्हता. कोपराच्या, गुडघ्याच्या लवणीत ओरबाडून रक्त काढलेली, रात्र रात्र न झोपणारी मुलं आणि त्यांच्याबरोबर जागणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड कातडीवर लावून पाहिलं, त्याआधी जगभर डांबरासारखे लेप आणि सोसणं हाच मुख्य उपाय होता. स्टिरॉइडची ट्यूब पहिल्यांदा आमच्या कपाटात आली आणि आठवड्याभरात एक मुलगी हसत परत आली, तो दिवस मला अजून आठवतो.

इसब म्हणजे काय, हे मी बायकांना कुडाच्या भिंतीवरून सांगते. आमच्याकडे कारवीच्या काठ्यांचा कूड करून तो शेणामातीने लिंपतात. लिंपण शाबूत असेल तर पाऊस बाहेर राहतो. इसबाच्या माणसाचं लिंपण पुष्कळदा जन्मतःच उणं असतं. कातडीतला ओलावा उडून जातो, साबण, धूळ, घाम आत शिरतो आणि मग आतून आग पेटते. स्टिरॉइड ती आग विझवतं. लिंपण मात्र करत नाही. ते काम तेलकट लेपाचं. पेट्रोलियम जेली किंवा चांगलं खोबरेल, दिवसातून दोनतीनदा, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. आग विझल्यावरही भिंतीवर पाणी ओतत राहिलं तर माती विरघळून काठ्या उघड्या पडतात. बाळाच्या गालावर दिसणाऱ्या शिरा म्हणजे त्या काठ्या.

हे ऐकल्यावर बायका मान डोलावतात आणि लगेच विचारतात, मग लावायचं किती? इथे माझी स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. सगळी नोकरी मी एकच वाक्य म्हणत आले: "थोडं थोडं लावा, बरं वाटेपर्यंत." या वाक्यातला एकही शब्द मोजता येत नाही. 'थोडं' म्हणजे एकीला मुगाएवढं, दुसरीला चमचाभर. आणि खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडीच्या आतली सूज त्यानंतरही काही दिवस राहते. त्यामुळे 'बरं वाटेपर्यंत' ऐकून काही जण तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आठवड्याने पुन्हा येतात. काही जण परत उठेल या भीतीने थांबतच नाहीत.

माप फार सोपं आहे आणि ते प्रत्येकाच्या हातातच आहे. १९९१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या लाँग आणि फिनले या दोघांनी ते मांडलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीचं टोकाचं पेर घ्या. पहिल्या सुरकुतीपासून बोटाच्या टोकापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढा. हे साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि मोठ्या माणसाचे दोन तळहात बोटांसकट मांडले तर जेवढी जागा होईल तेवढीला पुरतं. एका हाताच्या पंजाला दोन्ही बाजूंनी मिळून एक पेर, पावलाला दोन, खांद्यापासून मनगटापर्यंत तीन, मांडीपासून घोट्यापर्यंत सहा. पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी तीस पेरं असतात. म्हणजे अख्ख्या पायाला इसब असेल आणि दिवसातून एकदाच लावायचं असेल, तरी ती ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. अशा माणसाला ती दोन महिने पुरत असेल तर तो मलम नुसतं दाखवतो आहे, लावत नाही. उलट दहा महिन्यांच्या बाळाच्या दोन गालांना अर्ध्या पेराहूनही कमी लागतं, तेही सौम्य मलमाचं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या थोड्याच दिवसांसाठी.

आणि जागा. माझ्या मते सगळ्यांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच. अंगाची कातडी सगळीकडे सारखं औषध पीत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन लावून ते किती आत जातं हे मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला एक धरलं तर कपाळातून सहापट, जबड्याच्या कोपऱ्यापाशी तेरापट, अंडकोषाच्या कातडीतून बेचाळीसपट गेलं. तळपायातून मात्र सातव्या हिश्श्याइतकंच. म्हाताऱ्याच्या तळपायाचं औषध नातवाच्या गालावर जाणं म्हणजे काय, हे या आकड्यांतून समजावं. जांघ, काख, मान, पापण्या, लंगोटाखालची जागा, या ठिकाणी जहाल मलम लावायचं नाही. वरून प्लास्टिक किंवा डायपर आलं तर शोषण आणखी वाढतं. डोळ्यांच्या भोवती महिनोन्‌महिने लावलं तर डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. लहान मुलाच्या मोठ्या भागावर जहाल मलम सतत चोपडलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंद करतं, वाढ खुंटू शकते.

आमच्या भागाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. पेठमध्ये जूनपासून चार महिने माणूस ओला असतो. भाताची आवणी, नागलीची लावणी, दिवसभर पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, जांघेत गजकर्ण. दिवाळीच्या सुमाराला अर्धा तालुका दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत उतरतो. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, 'पेस्टिंग' म्हणतात त्याला. ते हाताला लागलं की कातडी भाजते, फुटते. हातमोजे देणारे बागायतदार आहेत, न देणारेही आहेत. बांधावर गाजरगवत असतंच. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे गवत आता सगळीकडे आहे, आणि ते सोसत नसेल तर पापण्या, मान, कोपराची लवण चिडून उठते. इसब, गजकर्ण, खरूज आणि भाजलेली कातडी हे चार वेगळे आजार आहेत. खाज मात्र चौघांची सारखीच, आणि गावात त्या चौघांना मिळणारी ट्यूबही बहुतेकदा एकच.

बावीस वर्षांचा एक मुलगा बागेतून परतला तेव्हा त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट, खोल रेघा होत्या, बाळंतिणीच्या पोटावर पडतात तशा. त्याला झालं होतं गजकर्ण. त्याने एका दुकानातून न विचारता मलम घेतलं. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं. पहिल्याच रात्री खाज थांबली. स्टिरॉइडने शरीराची राखण झोपवली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. खोपीतल्या सहा जणांनी तीच ट्यूब आणि तोच टॉवेल वापरला. सात महिन्यांनी त्याचं गजकर्ण कंबरेवरून पाठीवर गेलं होतं आणि त्याची गोल कडही ओळखू येत नव्हती. भारतात गेली दहाएक वर्षं हट्टी गजकर्णाची जी साथ पसरली आहे, तिच्यामागे डॉक्टर या मिश्र मलमांकडे बोट दाखवतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या एका बुरशीला तर २०२० मध्ये जे नाव मिळालं त्यातच आपला देश आहे, ट्रायकोफायटन इंडोटिनी. मुलाचं गजकर्ण पुढे लांबच्या उपचाराने गेलं. रेघा जाणार नाहीत. हे त्याला सांगताना मला फार जड गेलं. त्याचं लग्न ठरत होतं.

कायदा नाही असं नाही. बाहेरून लावायच्या औषधांना पूर्वी अनुसूची एच मधून, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतून, सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या चौदा मलमांची ती सूट काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. तशीच दुसरी मिश्रणं मात्र आजही मिळतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या जवळपास साठ टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं, आणि एकोणतीस टक्के लोक ते गोरं होण्याचं किंवा असंच रोजचं क्रीम म्हणून वापरत होते. लग्नाआधी महिनाभर हे 'गोरं करणारं' मलम लावणाऱ्या मुली माझ्याही ओट्यावर आल्या आहेत. दोन महिन्यांनी चेहऱ्यावर पुटकुळ्या, लव, उन्हात आग. कुणाला पांढरट डाग पडतो आणि घरात कोड म्हणून रडारड सुरू होते.

दुसऱ्या बाजूची भीतीही मला तितकीच छळते. मोबाइलवर कुठेतरी 'स्टिरॉइड' शब्द ऐकून एका शिक्षिकेने मुलीचं डॉक्टरांनी दिलेलं मलम फेकून दिलं. मुलगी ओरबाडून ओरबाडून पिकली, तिच्या हाताला पू झाला, परीक्षा बुडाली. तिला दिलेलं मलम मध्यम ताकदीचं, दहा दिवसांसाठी, फक्त कोपराच्या लवणीला होतं. ठरल्या जागी, ठरल्या मापाने, ठरल्या दिवसांत लावलेल्या मलमाने कातडी सहसा पातळ होत नाही. ज्यांचं इसब वारंवार उठतं त्यांना डॉक्टर आठवड्यातले दोनच दिवस लावायला सांगतात, तेही सुरक्षित आहे. आणि ज्यांनी जहाल मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावलं आहे, त्यांनी हा लेख वाचून आज रात्री ते एकाएकी सोडू नये. कातडी पेटल्यासारखी होते. डॉक्टर सौम्य मलमावर आणून, दिवसाआड करत ते उतरवतात.

जाता जाता एक, कारण आमच्याकडे अजून चुली आहेत. पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे, गोधडी चटकन पेट घेतात. अंगाला लेप लावून चुलीशी शेकत बसू नका.

आता कुणी म्हणेल, तारीख लिहिल्याने काय होणार? एका औषध दुकानदाराने मला तोंडावर सांगितलं, "बाई, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं, नाहीतर खाली गुजरातेत धरमपूरला उतरून घेऊन येतं." त्याची अडचण खरी आहे. पण मी त्याला नाही म्हणायलाही सांगत नाही. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे त्याच्या ट्यूबवर चिठ्ठीतलेच दिवस मोजून एक तारीख घाला, एवढंच मागते आहे. डॉक्टर इंग्रजीत दोनदा, दहा दिवस असं लिहितात. ते आकडे चिठ्ठीवरच राहतात आणि चिठ्ठी पावसात भिजते. बॉलपेन ट्यूबवर टिकत नाही, काचेवर लिहायचं मार्कर टिकतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आम्ही पूर्वी गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढत असू. तसंच बोटाचं पेर काढा, जितकी पेरं तितक्या रेघा. आमच्याकडे माणसं तारखेपेक्षा बाजार मोजतात. 'दुसऱ्या बाजाराला बंद' असं सांगितलं तर म्हातारीही विसरत नाही. आणि जागा लिहा. 'फक्त पाय.' हे दोन शब्द त्या ट्यूबवर असते तर ते बाळ माझ्याकडे आलंच नसतं.

सुरुवात सरकारी केंद्रांतून व्हावी असं मला वाटतं, कारण तिथे गिऱ्हाईक जाण्याची भीती नाही. औषध कंपन्यांनी ट्यूबवर एक पांढरी चौकट मोकळी ठेवावी, नाव, जागा, थांबायची तारीख. त्यासाठी दिल्लीत नियम व्हावा लागेल, तो होईल तेव्हा होवो. मार्करला नियम लागत नाही.

त्या बाळाला मी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. सावळघाट चढून पन्नासहून अधिक किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडवून. जहाल मलम टप्प्याटप्प्याने उतरलं, मग थोडे दिवस हायड्रोकॉर्टिसोन, आणि दिवसातून चारदा नुसती पेट्रोलियम जेली. मधे एकदा गाल भयंकर पेटले, तेव्हा त्याची आई रडत फोनवर म्हणाली, "बाई, जुनं लावू का थोडं?" मी नको म्हटलं, तिने लावलं नाही. या एका गोष्टीचं श्रेय पूर्ण तिचं. मार्गशीर्षात ती आली तेव्हा गाल निवळले होते, शिरा शोधाव्या लागत होत्या. नव्या ट्यूबवर मी डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे मार्करने तारीख घातली. या वेळी सासरेही बरोबर होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपली ट्यूब काढून पुढे केली. "माझ्यावर पण घाल तारीख."

चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, चौदा दिवसांची होती. मी त्या दिवसाचीच तारीख लिहिली.

"म्हणजे आजच बंद?"

"आजच. पाय परत फुटला तर डॉक्टरांना दाखवायचा, बाबा."

त्यांनी ट्यूब थोडा वेळ हातात फिरवली, मग ती माझ्या ओट्याच्या कडेला ठेवली आणि काठी उचलली.